उन्हात रंगलेली तबकडी

दुर्गदबैल बाजारातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी थांबलो होतो. शेजारी एक वृद्ध बाई दुरुस्त झालेलं पुरुषी घड्याळ मनगटावर बांधत होत्या. जुनी घड्याळं जमवणारे एक गृहस्थ ते निरखत होते.

“अक्का, काळी तबकडी उन्हानं अशी तपकिरी झालेली फार दुर्मीळ. मला द्या.”

“यजमानांचं आहे. अळणावरला रेल्वेचे रूळ तपासत उन्हात हिंडताना रंगली ती.”

“म्हणूनच तिजोरीत ठेवीन. अंधारात रंग टिकेल.”

“आणि घालणार कधी?”

“छे! हे घालायचं नसतं, जपायचं असतं.”

“मग नाही देत.”

“अहो, तुम्ही घालत राहिलात तर रंग आणखी उडेल!”

“उडू दे की! इतकी वर्षं त्यांच्याबरोबर ऊन खाल्लं, आता माझ्याबरोबर खाईल. सरका बघू, गच्चीवर सांडगे घालायचेत मला.”