चालवून बघायला दिलेली गाडी

माझ्यापुढं वालूरच्या आबारावांचं नाव काढू नका. आता काढलंच आहे, तर ऐका.

पेट्रोल महागलं तशी मी माझी दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार विकायला काढली. हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतलेली. मीटर नव्वद हजार मैलांना टेकायला आलेलं, पण इंजिन ठणठणीत. भाव सांगितला आठ हजार.

आबाराव मोठे शेतकरी. गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "आमी बैल घेताना आधी औताला जुंपून बघतो. ही बी दोन दिस चालवून बघू द्या. चांगली निघाली तर आठला न्हाई म्हणणार न्हाई."

मला वाटलं, इतकं पारखून घेणारा माणूस नक्की घेणार. त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरकडं किल्ली दिली.

तिसऱ्या दिवशी आबाराव गाडी घेऊन परत आले. बॉनेटवर हळदीकुंकू, आरशाला झेंडूच्या माळा, सीटवर अक्षता. बैल नेला तर निदान वैरण तरी घालतात. इथं टाकी कोरडी ठाक.

"हे काय हो, आबाराव?"

"पोराचं लगीन होतं. वरातीला लय शोभली."

"मग आठ हजार?"

त्यांनी वाकून मीटर बघितलं. "सात देतो."

"अहो, आठ ठरले होते."

"तवा नव्वदच्या आत होती, सायेब. आता वर गेली. इतकी पळालेली गाडी आठला कोण घेईल?"