सोमवारचा शेंडा

शुभांगी : ...दोन्ही खांबांवर सारख्याच उंचीला पट्टी बांधायची, अव्वा. मग ह्या पट्टीवरून त्या पट्टीकडं नजर लावायची. तारेचं पोट नजरेला टेकलं, की कळतं झोल किती पडलाय.

(उमरग्याजवळचं शेत, सकाळ. लाईन बंद आहे. वीजखात्याची शुभांगी शिडीवरून उतरते. म्हातारी जगदेवी बेलाखाली बसली आहे.)

जगदेवी : अन् टेकलं का?

शुभांगी : टेकलं. झोल वाढलाय. तुमच्या बेलाचा शेंडा अन् तार, मधी दोनच हात जागा.

जगदेवी : दोन हात! तेवढ्यात तर माझा नातू झोका बांधंल.

शुभांगी : बांधू देऊ नका बाई!

जगदेवी : चेष्टा केली गं. बाईमाणूस असून तुला बी लाईनमनच म्हणत्यात व्हय?

शुभांगी : जुनं नाव चिकटलंय. हाक मारली की मी ओ देते. अव्वा, मला बोलण्यात गुंतवू नका. लाईन बंद आहे तोवर शेंडा उतरवायला लागंल.

जगदेवी : आज सोमवार हाय. सोमवारी बेलाला नख लावत न्हाईत. लगीन होऊन आल्यापासनं नेम हाय माझा. लिंगपूजेला बेल वाहिल्याबिगर पाणी घेत न्हाय म्या; पण आठवड्याचा बेल रविवारीच उतरवून ठेवतो आमी.

शुभांगी : माझी आईसुद्धा सोमवार धरते. म्हणून तर कोयता गाडीतच ठेवलाय. तुमचं मन मोडून नाही कापायची मी. पुढं लाईन बंद मिळंल तेव्हा येते.

जगदेवी : कवा?

शुभांगी : पंधरवडा, महिना. आमच्या हातात नसतं ते.

जगदेवी : चालंल की. दोन हात म्हंजे लई झालं.

शुभांगी : ते सकाळचे आहेत.

जगदेवी : सकाळचे म्हंजे?

शुभांगी : दुपारी ऊन चढतं, रानोरानी मोटारी चालू होतात. तार तापते, लांबते, खाली येते. हीच तार हातभरावर येईल. वारं सुटलं तर तेवढंही नाही. अन् शिवायलाच लागतं असं नाही, अव्वा. जवळ गेलं तरी ओढते.

जगदेवी : दुपारी हातभर?

शुभांगी : हातभरच. का, अव्वा?

जगदेवी : खालची पानं शेरडं खात्यात गं.

शुभांगी : बरं, मग?

जगदेवी : चांगला बेल शेंड्यालाच ऱ्हातो. विरेश चढतो, माझा धाकटा. रविवारी दुकानाला सुट्टी. जेवून, दुपारचं चढतो.

शुभांगी : शेंड्यापर्यंत?

जगदेवी : म्याच खालनं सांगते की. अजून वर जा, तिथलं कवळं हाय म्हणून. काल बी सांगितलं. तर म्हणला, अव्वा, कानाशी घूं घूं व्हतंय. म्या म्हणलं, मधमाशा असतील.

शुभांगी : त्याला आता चढू देऊ नका. तेवढं केलं तरी पुरे.

जगदेवी : नको म्हणलं तर गुपचूप चढंल. आई पाण्याबिगर बसंल, हे ठावं हाय त्याला. जा, कोयता आण.

शुभांगी : आज सोमवार आहे, अव्वा.

जगदेवी : महादेवाला काय सांगायचं ते म्या बघते. तू शिडी लाव.