परतीचा पाईप

आमचं मूळ गाव माधवनगर, सांगलीच्या बाजूचं. अब्बा तिथं कापडाच्या मिलमदी बॉयलरवर हुते, वाफेचे पाईप जोडायचं त्येंचं काम. मिल बंद पडली तसं अब्बा अम्माला आन् आमा दोगा भावास्नी घिऊन हिकडं कराडच्या अंगाला मलकापुरात आले, हायवेच्या कडंला पत्र्याचं शेड ठोकलं आन् वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी थोरला, रज्जाक. माज्या पाठीवरचा मुबारक. शाळंत दोगंबी रमलो न्हाई, दुकानातच वाढलो आन् डिझेल इंजनाचं काम शिकलो. पण काय सांगू तुमाला, मुबारकचा हात माज्यापेक्षा लय हलका. मी इंजन खोलून बगायचो, त्यो निस्ता कान लावायचा आन् म्हणायचा, भाई, तिसऱ्या सिलिंडरचा नोझल बग. आन् तिसराच असायचा.

आता ह्ये टर्बोचं तुमी इचारलं म्हणून सांगतो, न्हाईतर मी आपून हून बोलत न्हाई. टर्बो म्हंजी काय, तर सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. त्यो दुसऱ्या बाजूनं इंजनात जास्तीची हवा कोंबतो, त्या जोरावर गाडी वडती. त्या पंख्याचा दांडा इतका फिरतो की लोखंडावर टेकला तर जळूनच जाईल, त्यो ऑइलावर तरंगतो. म्हणून इंजनातनं एका बारक्या पायपानं त्येला ताजं ऑइल द्यायचं, आन् काम करून फेसाळलेलं ऑइल जाड पायपानं खाली चेंबरात परत न्यायचं. चेंबर म्हंजी इंजनाच्या बुडाचा ऑइलचा डबा. जाताना ऑइलला दाब असतो. येताना दाब न्हाई, ते आपल्या वजनानंच उतरतं, आन् त्येची वाट अडली की ते दांड्याच्या कडंनं हवेच्या पायपात शिरतं आन् इंजन त्येच जाळाय लागतं. मंग तुमी चावी काढा, डिझेल तोडा, इंजन थांबत न्हाई. सोताचंच ऑइल पिऊन पळतं.

तसंच झालं. सांगलीकडं एका वळखीच्या माणसानं ट्रॅक्टरला बाहेरनं टर्बो बसवून घेतला हुता, धूर लय मारतोय म्हणून आमास्नी बलवलं. बसवणाऱ्याचं नाव मी घेत न्हाई, त्यो बी नंतर आमच्या दारात यिऊन रडला. ट्रॅक्टर चालू केला आन् जरा वेळानं त्यो आपला आपणच चढाय लागला, आवाज असा की कान धरून माणसं पळाली. मालकानं चावी काढून हातात धरलीया आन् इंजन वरडतंय. मी म्हणलो, मुबारक, मागं सर. त्यो म्हणला, भाई, हवा बंद केली की मरतंय ते, आन् पोतं घिऊन हवेच्या तोंडाकडं गेला. त्येचं बरोबर हुतं. हवाच बंद कराय लागती. पण त्यो पोचला आन् इंजन फुटलं.

सांगलीच्या दवाखान्यात नेला, शुद्धीवर काय आला न्हाई. मातीनंतर त्येची मोटारसायकल आणाय मी परत तिथं गेलो, तवा ट्रॅक्टरखाली वाकून बघितलं. परतीचा पाईप निस्त्या रबराचा, तापून खाली लोंबलेला, पाळण्यागत. त्या झोळात ऑइल तुंबलं हुतं. मी तिथंच बसलो बगा.

अम्मा त्या धक्क्यातनं सावरलीच न्हाई, वरीसभरात गेली. अब्बा दुकानात यायचे, बाजंवर बसायचे, कुणाशी बोलायचे न्हाईत. एकच सांगितलं मला, ह्या शेडात टर्बोचं काम घ्यायचं न्हाई. मी व्हय म्हणलो. कितीतरी माणसं आली, मी माघारी लावली.

मंग विमलआक्का आली. आक्का डोंगरापल्याडच्या गावची, मालक फौजेत हुता, त्यो वारल्यावर त्येची जुनी जीप तीच चालवती, वडाप करती, म्हंजी माणसं भरून कराडला आणायची आन् सांजच्याला माघारी न्यायची. मधी खिंड हाय. जीप जुनी, बिनटर्बोची, भरली की खिंडीत पहिल्या गेरात घातली तरी रडती. तिनं भंगार बाजारातनं चांगला टर्बो शोधून आणला हुता, पोत्यात गुंडाळून. म्हणली, रज्जाकभाऊ, ह्यो बसवून द्या. मी म्हणलो, आक्का, दुसरं कायबी सांग, ह्ये आमी करत न्हाई. ती उठली न्हाई. अब्बा बाजंवर भिताडाकडं तोंड करून पडले हुते. ती मला सांगाय लागली, पण मला वाटतंय ती अब्बास्नीच सांगत हुती.

म्हणली, शेजारच्या घरची सून, पहिलं बाळतपण. अँब्युलन्सला फोन लावला, ती खालनं खिंड चढून येणार, तवर दम निघंना, म्हणून माज्या गाडीत घातली. मागं ती, तिची सासू आन् दोन बाया. खिंडीत गाडी निघंना, पाणी उकळाय लागलं. मागं पोर वरडतीया आन् मी आक्सिलेटरवर उभी हाय, चाचा, दोनी पायांनी उभी हाय, आन् गाडी म्हशीगत चाललीया. वर पोचूस्तवर बाळ झालं. त्ये रडलंच न्हाई. खाली उतरताना सगळ्या बाया गप, कुणी मला एक सबुद बोललं न्हाई. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अब्बा उठून बसले. आक्काला इचारलं, सून कशी हाय. आक्का म्हणली, हाय, पण उंबऱ्याच्या भाईर येत न्हाई. अब्बा असरच्या, तिसऱ्या पारच्या नमाजाला गेले. येताना मशिदीतनं सरळ जीपकडं गेले, बॉनेट उघडाय लावलं, लय वेळ आत बगत उभे राहिले. मंग मला म्हणले, काम घे. पर परतीचा पाईप मी सांगीन तसा जायचा.

मी टर्बो मेनीफोलवर, म्हंजी इंजनातनं धूर भाईर पडतो त्या पायपावर, लावून बघितला. बारक्या पायपाचं सोपं हुतं, इंजनावर ऑइलचा दाब मोजणारा बल्ब असतो तिथनं फाटा काढला आन् स्टीलची नळी सायलेन्सरच्या आचंपासनं लांब नेली. अडचण खालच्या पायपाची. खाली चेसीचा आडवा दांडा नेमका वाटंत येत हुता. मी म्हणलो, अब्बा, दांड्याला वळसा मारून नेतो, एक बाक येईल एवढंच. अब्बा म्हणले, बाक न्हाई. मी म्हणलो, बारका बाक हाय. म्हणले, रज्जाक, मिलमदी वाफंचं पाणी परत बॉयलरला यायचं, एवढासा झोळ राहिला तर रातभर पाईप हातोडा मारल्यागत वाजायचा. पाईप वाकवू नको, टर्बो उचल.

टर्बो उचलायचा म्हंजी सगळं नव्यानं. मेनीफोलवर जाड लोखंडाचा ठोकळा बनवला, टर्बोची मान फिरवून ऑइलचं भोक बरोबर जमिनीकडं केलं, बॉनेटला टेंगूळ आणलं. चेंबर खाली उतरवलं, ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडून तोंड वेल्डिंग केलं. वेल्डिंग मीच केलं, पण आतला लोखंडाचा कीस त्येंनी सोता पुसून काढला, चेंबर रॉकेलनं धुतलं, पुन्यांदा बोट फिरवलं, पुन्यांदा धुतलं. मंग पाईप बसवला, सरळ, जाड, वरनं खाली. अब्बांनी वरच्या तोंडातनं ऑइल वतलं आन् पायपाला कान लावून बसले. ते गेल्यालं ऐकलं तवा मान हलवली.

चालू करायची येळ आली. आदी डिझेल बंद ठिवून सेल्फ मारला, परतीच्या पायपाखाली डबा धरला, ऑइल आलं, धार चांगली हुती. पाईप जोडला. आता खरं चालू करायचं. मी हवेच्या तोंडावर दाबाय एक फळी कापून ठेवली हुती, ती उचलाय गेलो तर अब्बांच्या हातात. म्हणले, तू मागं सर. मी म्हणलो, अब्बा, ह्ये मी करतो, तुमी बाजूला व्हा. त्येंनी माज्याकडं बघितलं न्हाई. म्हणले, एक पोरगं मी तिथं उभं राहिल्यालं ऐकलंय, दुसरं बगायचं न्हाई मला. आक्का स्टेरिंगवर हुती, चावीवर हात ठिवून. अब्बांनी तिला म्हणलं, मार बेटा.

गाडी चालू झाली. स्लोला ठिवली. अब्बा फळी घिऊन हवेच्या तोंडाशी उभे, मी त्येंच्या मागं, त्येंच्या सदऱ्याला धरून, बारक्या पोरागत. आक्कानं हळूहळू रेस दिली, टर्बोची शीळ चढली. तिनं पाय काढला. शीळ उतरली, इंजन खाली आलं. सायलेन्सरला धूर न्हाई. परत दिली, परत खाली आलं. अब्बांनी फळी भिताडाला लावून ठेवली आन् वजूला, नमाजाआधी हात-पाय धुवाय, पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आक्का गाडी माणसांनी भरून खिंडीला गेली, दुसऱ्या गेरात चढली म्हणून फोन केला. फुडल्या वर्षीच्या पावसाळ्यात तीच शेजारची सून परत अडली, दिवस भरल्याली. आक्कानं आणली तिला, कराडच्या दवाखान्यात पोरगी झाली. सव्वा महिन्यानं आक्का दोगींस्नी घिऊन दुकानात आली. त्या बाईनं पोर अब्बांच्या मांडीवर ठिवली. अब्बांनी तिच्या टाळूवर हात ठेवला आन् म्हणले, मुबारक असाच हुता, डोक्यावर केसच नव्हते. इतक्या वर्सात पहिल्यांदा त्येंच्या तोंडातनं त्येचं नाव आलं. ती बाई आन् मी दोगंबी रडलो.

आता अब्बा हांतरुणाला हायती, माणूस वळखत्यात, पण बोलणं मोजकंच. टर्बोची कामं मी घेतो, सगळी न्हाई, जिथं पाईप सरळ उतरतोय तिथंच. परवा म्हसवडचा एकजण आला, म्हणला लवकर द्या, थोडा बाक चालंल. त्येला माघारी लावला, राग आला त्येला, येऊ दे. आक्काची जीप आता फार दिस टिकायची न्हाई, पत्रा कुजत आलाय, तरी चालवतीया.

हाय ते हाय. अब्बास्नी शांतपणानं जाऊ दे, आक्काच्या पायात बळ राहू दे, त्या पोरीला औक्ष मिळू दे, नमाजाला बसलो की मी एवढंच मागतो. मुबारकसाठी काय मागायचं, ते मला अजून उमगलं न्हाई. त्येचं नाव तेवढं घेतो आन् उठतो.