सगळ्यात म्हातारं मशीन

दादा : पुन्हा सांग. सावकाश सांग, म्हणजे मला नीट राग येईल.

धाकटा : अरे दादा, मी तुझ्या फाइलला हात लावलेला नाही. नवीन मशीन आणलं, जुन्यावरचं सगळं जसंच्या तसं त्यावर उतरवलं, बिल्ड लावला. बस.

दादा : बस. एकशे बारा आंधळ्या माणसांचे संगणक सकाळपासून मुके झालेत, आणि ह्याचं म्हणणं, बस.

वहिनी : एकशे तेरा. तुमचा धरून.

दादा : माझा नको धरूस. मला वाचून दाखवायला तू आहेस. त्या टायपिस्टबाईंना कोण आहे? नोकरी लागून आठ दिवस झालेत. साहेबाला काय सांगणार? मला दिसत नाही, आणि आजपासून माझा संगणकही बोलत नाही?

धाकटा : बोलेल. मी बघतोय ना.

दादा : तू बघतोयस म्हणूनच काळजी आहे. मी चाचपडत चाचपडत ही वाचून दाखवणारी सिस्टिम उभी केली, वीस वर्षं चालवली. कुणाचं काही अडलं नाही. एक डोळस माणूस मदतीला आला आणि एका सकाळीत सगळं आडवं.

वहिनी : अहो, त्यांना बोलू द्या तरी.

दादा : बोलू दे की. लाडके भाऊजी तुझे.

धाकटा : तुझं जुनं मशीन मरायला टेकलं होतं, दादा. एक बिल्ड व्हायला एकतीस तास! मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. हे नवीन चाळीस मिनिटांत अख्खी सिस्टिम तयार करून देतं.

दादा : चाळीस मिनिटांत. तेवढ्यात माझी आंघोळ उरकत नाही, आणि ह्याने एकशे बारा जणांची वाचा घालवली.

धाकटा : आणि ती सगळ्यांना पाठवायचं बटण कुणी दाबलं?

दादा : मी दाबलं. कारण तू म्हणालास, तपासलंय.

धाकटा : तपासलं होतं.

दादा : कशावर?

धाकटा : ह्याच्यावरच. नवीनवर.

दादा : वा! स्वतःच पेपर काढला, स्वतःच सोडवला आणि स्वतःच पैकीच्या पैकी मार्क घेतले. तुमच्या त्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीत असंच चालतं वाटतं?

धाकटा : तिथे सगळी मशीनं एकसारखी असतात.

दादा : माणसंही एकसारखीच असतील. माझ्याकडे तसं नाही. माझी माणसं लोकांनी टाकून दिलेल्या संगणकांवर काम करतात. कुणाचं बँकेतून निघालेलं, कुणाचं शाळेने काढून टाकलेलं.

वहिनी : मला एक सांगा, हे बंद कशानं पडलं? मला कळेल असं सांगा. नाहीतर मी आपली दोन भावांच्या मध्ये बसून चहाचे कप मोजतेय.

धाकटा : वहिनी, कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं सगळं प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक हुकूम कळतात. जुन्याला कमी, नव्याला जास्त. ते नवे हुकूम वापरले की काम भरभर होतं.

दादा : आणि जुन्याला तो हुकूम दिला तर? तेही सांग. तिथे का थांबलास?

धाकटा : तर प्रोग्रॅम बंद पडतो.

दादा : बंद पडतो. बोलणारा प्रोग्रॅम उठतो, पहिलाच अनोळखी हुकूम समोर येतो, आणि तो तिथल्या तिथे आटपतो. चूं नाही की चां नाही. माणूस समोर बसून राहतो, आत्ता बोलेल, मग बोलेल. म्हणून बिल्डच्या फाइलमध्ये आधी सांगून ठेवायचं असतं, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते. आणि ह्या दीडशहाण्याने तिथे ह्या नव्या धुडाचं नाव घातलंय. वेग हवा ना साहेबांना!

धाकटा : नाही घातलं.

दादा : घातलंस. लहानपणी माझा रेडिओ उघडलास तेव्हाही म्हणाला होतास, हात नाही लावला. स्क्रू तुझ्या खिशात निघाले.

वहिनी : हे मी वर्षातून दोनदा ऐकते.

धाकटा : दादा, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आता एकोणपन्नासचा आहे.

दादा : खिसा मोठा झाला, एवढंच. उघड ती फाइल. तू नको वाचूस. अगं, तू वाच. तुला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तुझ्यावर माझा विश्वास आहे.

वहिनी : काय कौतुक माझं! हं, उघडली त्यांनी. कुठली ओळ?

दादा : एक्केचाळीस. अक्षर न् अक्षर वाच.

वहिनी : आडवी रेघ. मग एम, ए, आर, सी, एच. मग बरोबरचं चिन्ह. मग नेटिव्ह.

दादा : नेटिव्ह! ऐकलंत? आता सांग तिला नेटिव्हचा अर्थ.

धाकटा : ज्या मशीनवर बांधतोय त्याच मशीनसाठी बांध.

दादा : म्हणजे नाव न घेता नाव घातलं. ही आळशी माणसाची ओळ आहे. समोरच्याकडे कुठलं मशीन आहे हे विचारायचा ज्याला कंटाळा, तो हे लिहितो. माझ्या ताटात आहे तेच सगळ्यांच्या ताटात असणार, अशी ज्याची खात्री असते ना, तो हे लिहितो. मी शिकवतो त्या वर्गातल्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं, बाबा, तू दुसरं काहीतरी कर, लोकांच्या संगणकांच्या वाटेला जाऊ नकोस.

धाकटा : ती ओळ माझी नाही.

दादा : मग कुणाची, तुझ्या वहिनीची? इतिहास काढ. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, सगळं त्यात असतं. म्हणूनच मी इतिहास ठेवतो, असल्या स्क्रूचोरांसाठी. काढ. अगं, मोठ्याने वाच, बाहेर गल्लीत ऐकू गेलं तरी चालेल.

धाकटा : दादा, राहू दे. ओळ बदलू आणि पुढे जाऊ.

दादा : आता राहू दे का? वाच गं.

वहिनी : वाचते. ओळ एक्केचाळीस. तारीख आहे...

दादा : परवाची.

वहिनी : अकरा वर्षांपूर्वीची.

दादा : ओळ चुकली तुझी. नाव बघ.

वहिनी : तुमचं आहे.

दादा : पुन्हा वाच.

वहिनी : पुन्हा वाचलं तरी तुमचंच राहील. वरती एक शेरा पण आहे. वाचू?

दादा : नको.

वहिनी : गल्लीत ऐकू गेलं पाहिजे म्हणालात ना. "तात्पुरतं. नंतर प्रोसेसरचं नेमकं नाव घालणे."

दादा : तो हसतोय का?

धाकटा : नाही, दादा.

दादा : दिसत नाही म्हणून विचारलं.

वहिनी : ते नाही हसत. मी हसतेय. तीस वर्षांत तुमची चूक पहिल्यांदा छापील सापडलीय, थोडं हसू द्या.

दादा : हस. हसण्यासारखंच आहे. जुनं मशीन आपल्या सगळ्यांच्या मशीनांत म्हातारं होतं. त्याला जे हुकूम कळायचे ते सगळ्यांनाच कळायचे. त्यामुळे "इथल्यासाठी बांध" म्हटलं की आपोआप सगळ्यांसाठी बांधलं जायचं. मशीन म्हातारं होतं म्हणून अकरा वर्षं मी हुशार ठरलो. त्या जोरावर इतकी वर्षं लोकांना अक्कल शिकवली मी.

धाकटा : मीही जुन्या मशीनवर तपासायला हवं होतं.

दादा : हवंच होतं. ते तुझं राहिलंच. पण त्याला चूक म्हणतात. माझ्या ओळीला जे म्हणतात ते मी आत्ताच मोठ्याने सांगून बसलोय. पुन्हा नाही सांगत.

वहिनी : मग आता काय? सगळ्यांची मशीनं गप्पच राहणार?

दादा : आता नेमकं नाव घालायचं. सगळ्यात जुना प्रोसेसर कुणाचा? फिजिओथेरपीवाल्याचा नाही, त्याने मागच्या वर्षी बदलला. पियानो ट्यूनरचा. हो, त्याचाच. सगळ्यांच्या मशीनांची वही काढ गं, माझी ब्रेलमधली नाही, तू लिहून ठेवलेली. त्यात त्याच्या पुढे जे नाव असेल तेच तिथे पडेल. आणि तू टाइप कर रे.

धाकटा : मी? तुझ्या फाइलमध्ये?

दादा : इतिहासात तुझं नाव पडू दे. कधीतरी कुणीतरी वाचेल. निदान एक ओळ बरोबर दिसेल.

धाकटा : झालं. बिल्ड लावला. आज चाळीस मिनिटं तरी चालतील ना तुला?

दादा : चालतील. पण ते तयार होऊन उपयोग काय? मुक्या मशीनवर ते घेणार कसं? आधी प्रत्येकाला मागच्या आवृत्तीवर न्यायला हवं. सुरू होताना मेनू येतो, त्यात ती शिल्लक असते. मेनू बोलत नाही, पण सेकंद मोजून करता येतं. एकेकाला फोन करून सांगायला लागेल.

वहिनी : एकशे बारा फोन!

धाकटा : दादा, फोन मी करतो. आणि सरळ सांगतो, नवीन मशीन मी आणलं, त्यात गडबड झाली. मला त्यातलं कुणीच ओळखत नाही. माझं काय जातं? तुझ्या नावावर तर ते सगळे चालतात.

दादा : हं.

वहिनी : अहो.

दादा : तेच तर विचार करतोय. खोटंही नाही म्हणा. मशीन त्यानेच आणलं. सगळ्यांना लगेच पटेल, भावानं केलं, भाऊ शिकाऊ आहे. उद्यापासून पुन्हा मी शहाणा.

वहिनी : मग? करू देताय त्यांना?

दादा : मोह झाला, हे ऐकून घे. उगाच नंतर मला थोर म्हणशील.

वहिनी : ती भीती बाळगू नका.

दादा : आधी टायपिस्टबाईंचा नंबर लाव. त्यांना उशीर झाला तर साहेब घरी बसवेल. निम्मे फोन तू कर रे, पण गडबड कुणाची विचारलं तर माझ्याकडे पाठव. फोन माझ्या हातात दे गं.

(फोनची रिंग. पलीकडचं बोलणं खोलीत ऐकू येत नाही.)

दादा : हॅलो. मी बोलतोय. हो, मीच. गप्प झालंय ना? माहीत आहे मला. साहेब समोर आहेत का? बरं. मग घाई करू नका, मी सांगतो तसं करा. बंद करा. आता चालू करा आणि माझ्याबरोबर सात मोजा. काय? नाही, तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही, तसं साहेबांनाही सांगा. मग कुणाचं? माझं. अकरा वर्षांपूर्वी केलेलं. हो, माझंच. झाले का सात? आता खालचा बाण, दोनदा.