दोन दिवसांची सावली

बसा, बसा. खुर्च्या कमी आहेत, पण अक्का गेली म्हणून तुम्ही इतके जण आलात. मला धड बोलता येत नाही. अण्णा, भरकटले तर हाक मारा.

मी अक्काची आणि या अण्णांची भाची. ती माझी मावशी, पण सगळ्यांसारखी मीही तिला अक्काच म्हणायची. शाळा नववीत सुटली, पुढे कुठेच टिकले नाही. तीन हिवाळे मात्र राजाजीनगरच्या या घरामागे, तिच्या भट्टीवर टिकले. शहराबाहेर तिचं दवण्याचं शेत, इथे तांब्याचं भांडं. वाफेवर तेल काढायचं. तुमच्यातल्या कितीजणांच्या देवघरात तिची बाटली आहे? आणि तिची कॉफी... ती पुन्हा कधी सांगेन.

ती म्हणायची, दवणा गारठ्यात तेल धरतो, ढग आले की रुसतो. आणि एकदा कापला की त्याला ऊन दाखवायचं नाही. दोन दिवस सावलीत पसरून कोमेजू द्यायचा. दोन दिवस! मी विचारायची, "तोवर मी काय करू?"

"तूही बस सावलीत. स्वल्प कोमेज."

हसा की. तीही हसायची.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, अक्का जे. पी. नगरला लग्नाला गेली. मला गोकर्णला जायचं होतं, मैत्रिणीची बाइक दारात उभी. दोन दिवस कोण थांबणार? कापलेला सगळा दवणा मी गच्चीवर उन्हात टाकला. दुपारपर्यंत कडकडीत! अख्ख्या गल्लीत घमघमाट. तेलच उडून चाललंय, हे मला सुचलंही नाही. गोळा केला, सावलीत ठेवला, निघाले.

परत आले तर अक्का भट्टी उतरवून बाटली उजेडात धरून बसलेली. तळाला जेमतेम तेल.

"यंदा थंडीच पडली नाही गं. हवाच फिरली."

मी काय म्हणाले? "हो अक्का. हवाच फिरली."

पुढच्या वर्षी तिने दवणा लावलाच नाही. झेंडू लावला. भट्टी पुन्हा पेटली नाही.

अण्णा, सोमवारी भंगारवाला भांडं न्यायला येतोय ना? त्याला थांबवा. एवढा एक हिवाळा. बी आणलंय मी. कुठे जात नाही. मान हलवू नका अण्णा, खरंच जात नाही.

ही टोपली पुढे सरकवा. दवण्याची एकेक काडी घ्या. चुरगळू नका, नुसती धरा. दोन मिनिटं गप्प बसू या. मला तेवढंही जमत नाही, ठाऊक आहे सगळ्यांना. आज बसते.

अक्का, हवा ठीक होती. दवणा मी उन्हात टाकला होता.