आफ्रिकेतून आलेला साग

...आणि वर मलाच विचारतात, सर, तुमचा या लाकडाशी संबंध काय? आता काय सांगू? तुम्हाला सांगतो, वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसानं सत्तरीनंतर गप घरी बसावं. पण आमच्या चंद्रपुरात कय्यूमभाऊंची आरा मशीन, त्यांची दारं-चौकटी जातात परदेशात, आणि तिकडं आता कायदा असा कडक की चोरून तोडलेल्या झाडाची काडीही चालत नाही. झाड कोणतं, कुठल्या जागी तोडलं, सगळं लिहून द्या. म्हणून हा भला माणूस सागाच्या मुलखात राहून साग मागवतो आफ्रिकेतून, सोबत कागदांची ही जाडी, आणि खाली जाणकार म्हणून सही कोणाची, तर माझी. घराला कुलूप लावलं की नाही, हे पाहायला जो तीनदा परत जातो, त्याची.

कागद बरोबर होते. मी चारदा तपासले.

त्या दुपारी ओंडका चिरता चिरता मशीनचा आवाज बदलला... कोणी तोंड दाबून कण्हावं तसा. मशीनवरचा पोचू म्हणाला, "सर, याच्यात काही हाय." कय्यूमभाऊ म्हणाले, "खिळा असन. कागद बरोबर हायेत." फळी बाजूला पडली आणि वास आला. आता सागाला सागाचाच वास येणार ना? पण हा माझ्या ओळखीचा होता, आलापल्लीच्या जंगलातला. मी मनाशी म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय, नाक फितूर झालं.

मग वाकून पाहिलं. लाकडाच्या आत पेन्सिल. आरा तिला नुसता चाटून गेलेला, आणि ती माझ्याकडं बघत... पेन्सिल बघत नसते, मला कळतं ते.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी नवा प्राध्यापक, आलापल्लीच्या जंगलात झाडांची वयं मोजत हिंडायचो. गिरमिटानं खोडाला भोक पाडायचं, आतली काडी काढायची, वर्तुळं मोजायची. सोबत वाटाड्या लटारू. एका सागापाशी तो थांबला. "सर, याले भोक नोका पाडू. हे झाड ध्यानात ठेवते. मंग शोधत येते." मी शिकलेला, मी पाडलं. पण नंतर लटारूचं बोलणं मनातून जाईना, आणि भोक बुजवायला काही सापडेना, म्हणून खिशातली पेन्सिलच ठोकली. आणि पेन्सिली चावायची मला सवय, पुढचा एक दात तुटका, त्यामुळं ठसा उमटायचा तो असा : दोन खड्डे, कोरी जागा, एक खड्डा.

दोन खड्डे, कोरी जागा, एक खड्डा. आफ्रिकेच्या लाकडात.

पेन्सिलीवरून वाढलेली वर्तुळं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीस. जीभ आपोआप त्या दातापाशी गेली, तर तिथं आता कवळी.

म्हणजे कोणीतरी इथलं झाड चोरून तोडलं, बंदरावर नेलं, आफ्रिकेचे कागद जोडले आणि कय्यूमभाऊंना विकलं. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते फळीवरच बसले. "सर, खरं लिहान तं मी अंदर. खोटं लिहान तं तुमाले झोप नाई." फळीवरचा भुसा हातानं झटकला. मग म्हणाले, "खरंच लिहा. माह्या बापानं चोरीचं लाकूड मशीनले लागू देल्लं नाई. घरी जाहिदाले सांगतो, जेलात डबा धाडत जा म्हनून."

लिहिलं. हिंमत करून पेन्सिलीसकट सगळं लिहिलं.

जंगलखात्याचे साहेब आले. कय्यूमभाऊंचे कागद पाहिले, खरेदीचे कागद बरोबर, म्हणाले तुम्ही तर फसवले गेले, बसा. मग पेन्सिल पाहिली. मग मला पाहिलं, विशेषतः माझं तोंड.

"सर, या झाडापाशी चोर होता याचा पुरावा नाई भेटला. तुम्ही होते याचा भेटला. भोक पाडाची परवानगी हाय का?"

"चौऱ्याऐंशी सालची?"

"कागद म्हनजे कागद, सर."

तो वाळवीनं खाल्ला असेल. की मी घेतलाच नव्हता? तेही आता नक्की आठवत नाही, तुम्हाला सांगतो, घेतला असेन... नसेनही.

काल पोस्टमन आला. झाड शोधत येते, एवढंच लटारू म्हणाला होता. नोटीस घेऊन येते आणि पोचपावतीवर सही मागते, हे नव्हता बोलला.