नांदुऱ्याची गाडी चुकली ते बरं झालं

तुमाले वाटते मी पुण्याले रमलो? अरे, पळूनच येत होतो! बी.एस्सी.ले असताना उन्हाळ्यात गणिताच्या संशोधन शिबिराले माही निवड झाली. सरांनी पहिल्याच दिवशी एक गणित देलं. आपल्या पुस्तकात उत्तरं मागच्या पानावर असत. इथं पुस्तकच नाही. पंधरा दिवस झाले, उत्तर काही निघेना. आता हे हाकलतातच, म्हणून मी वळकटी बांधली, नांदुऱ्याच्या गाडीची वेळ पाह्यली अन् निरोप घ्यायले गेलो.

"सर, मले नाही जमलं. उत्तर तेवढं सांगा, मी जातो गावाले."

सर म्हणाले, "उत्तर मलाही माहीत नाही. बारा वर्षं शोधतोय."

असा जीवात जीव आला, बापा! मी वळकटी खाली ठेवली. म्हटलं, "मंग पहिल्याच दिवशी सांगाचं ना सर, आपण दोघंही नापास आहोत म्हणून!"